जजसाहेबांचा शोध

मंडळी, आजची विकांताची खरड एका रिव्हॉल्व्हरबद्दल आहे. दचकू नका. अस्मादिक अजून तेच आहेत, शनिवारी सकाळी पोहे हादडून लॉन कापणारे आणि घरात पाल निघाली की बायकोला हाक मारणारे. पण २०२४ साली फेब्रुवारी ते सप्टेंबर असे सात महिने मी एक रिव्हॉल्व्हर शोधत होतो. तेही साधंसुधं नाही. दोन किलोच्या आसपास वजनाचं, आणि गोळीबरोबर शॉटगनचं छर्ऱ्यांचं काडतूसही उडवणारं. कंपनीने बनवणं बंद केलेलं. शेवटी सापडलं. सापडल्यावर जे झालं ते लिहायला मात्र हात धजत नव्हता. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनीच "लिही, फक्त माझं नाव घालू नकोस" अशी परवानगी दिली, म्हणून लिहितोय.

आधी माझा आणि बंदुकीचा संबंध सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी अण्णांकडे (म्हणजे माझ्या आजोबांकडे) एक ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. वानरं नाहीतर डुकरं बागेत शिरली की अण्णा बार काढायचे. लागायचं कुणालाच नाही, आवाजाने वानरं पळायची आणि आम्ही पोरं खूष. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. अण्णा ती जुन्या धोतराच्या पानात गुंडाळून एसटीने घेऊन जात, पावती आणत आणि पावती देवघरातल्या डब्यात ठेवत. निकाल लागला की जाऊन परत आणत. बस्स, एवढंच आमचं शस्त्रज्ञान. पुढे २००३ मध्ये उसगावात आलो तो कामाच्या व्हिसावर. तशा व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक बाळगायलाच बंदी असते. शिकारीचा परवाना काढला तर अपवाद, पण आम्ही कसले शिकारी! ग्रीनकार्ड आल्यावर बंदी उठली, तरी मनात कधी आलं नाही.

२०२१ मध्ये सॅन होजेचं बिऱ्हाड मोडून आम्ही टेक्सासात, ऑस्टिनच्या उत्तरेला राहायला आलो. सामानाचा ट्रक अजून दारात होता आणि शेजारचे आजी-आजोबा पीच कॉबलरची थाळी घेऊन हजर. आजोबा उंच, सडपातळ, डोक्यावर कायम हॅट. माझ्या लेकीने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव काऊबॉय आजोबा ठेवलं, आणि तेच आमच्या घरात रूढ झालं. आयुष्यभर टेलिफोनच्या तारा ओढण्याचं काम केलेला माणूस. मी सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, तरी मला 'सन' म्हणणार. माझं लॉनमोवर बंद पडलं की न सांगता येऊन दुरुस्त करून जाणार. आजी पिकान पाय करायच्या. त्या बदल्यात आमच्याकडून पुरणपोळ्या जायच्या.

लॅनो गावाजवळ त्यांची साठ एकर माळरान जमीन होती. खडक, ओकची खुरटी झाडं आणि रॅटलस्नेक. २०१८ मध्ये आजींचं कॅन्सरचं आजारपण सुरू झालं तेव्हा ती विकली. त्या दुखण्यातून आजी उठल्या, पण २०२३ च्या डिसेंबरात ते उलटलं आणि त्या गेल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्यांच्या पोर्चवर कॉफी पीत बसलो होतो. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सन, रानात जाताना मी एक रेजिंग जज बाळगायचो. २०११ च्या ख्रिसमसला हिने मला दिलेलं. जमिनीबरोबर तेही विकलं. तू कंपूटरवाला आहेस. तसलं एखादं मिळेल का बघ ना."

बायको गेलेला म्हातारा माणूस पहिल्यांदाच काहीतरी मागत होता. मी म्हटलं, "बघतो की!"

आता हे रेजिंग जज काय प्रकरण आहे ते सांगतो. कारण मी शोधायला बसलो आणि त्यात पार बुडालो.

टॉरस नावाची ब्राझीलची बंदुका बनवणारी कंपनी आहे. या कंपनीचं एक रिव्हॉल्व्हर .४५ कोल्टची गोळीही झाडतं आणि .४१० बोअरचं शॉटगनचं काडतूसही. मायामीतले काही न्यायाधीश ते कोर्टात जवळ बाळगतात असं कळल्यावर २००६ मध्ये त्याचं नाव 'जज' ठेवलं, असं कंपनी सांगते. २०१० मध्ये त्याचा थोरला भाऊ आला, रेजिंग जज, म्हणजे खवळलेले न्यायमूर्ती. हा .४५४ कॅसुल नावाची दांडगी गोळीही पचवतो. दस्त्याच्या पाठीवर लाल रबराची पट्टी, कारण उडवल्यावर हाताला दणका बसतो तो नुसता नाही बसत.

एकाच चकरीत तीन प्रकारची काडतुसं कशी बसतात? इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. .४५ कोल्ट हे १८७३ सालच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचं काडतूस. त्याची बुडाकडची जाडी आणि .४१० च्या काडतुसाची जाडी जवळजवळ सारखी, हा निव्वळ योगायोग. चकरी लांब केली की दोन्ही एकाच भोकात बसतात. .४५४ कॅसुल ही तर .४५ कोल्टचीच लांब केलेली आवृत्ती, १९५० च्या दशकात डिक कॅसुलने तयार केलेली. लांबाच्या भोकात आखूड बसतं, आखडाच्या भोकात लांब बसत नाही. थोडक्यात, बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट नीट जमलेली मी फार कमी पाहिली आहे :)

आणि बोअरचं गणितही गमतीचं. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जेवढी जाड, तेवढी नळी. म्हणून आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. पण .४१० ला हा नियम लावतच नाहीत, तिथे सरळ इंचात माप, साधारण साडेदहा मिलिमीटर. एकाच खात्यात दोन एकक पद्धती. ज्याने हे ठरवलं तो पुढच्या जन्मी नक्की आमच्या कंपनीत आर्किटेक्ट झाला असणार.

कल्पना तशी जुनीच. न्यू ऑर्लीन्सच्या डॉक्टर ले मॅटने १८५६ मध्ये एका रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं होतं. भोवती नऊ गोळ्यांची चकरी आणि मधोमध छर्ऱ्यांसाठी वेगळी जाड नळी. अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या फौजेतले अधिकारी ते वापरत. हे सगळं वाचत मी रात्री एक-एक वाजेपर्यंत जागायचो. बायको म्हणायची, "त्या आजोबांपेक्षा तुलाच नाद लागलाय." खरं होतं ते.

शोधायला लागलो तेव्हा पहिला प्रश्न आला गर्दीचा. साधे 'जज' पैशाला पासरी. लिलावाच्या संकेतस्थळांवर नुसतं 'जज' टाकलं की ढिगाने निकाल. त्यात लोक साध्या जजलाही 'रेजिंग' म्हणून खपवायला बघतात. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. रोज रात्री दोन वाजता ती दहा-बारा ठिकाणच्या जाहिराती चाळायची आणि सकाळी मला विरोप टाकायची. पहिल्या आठवड्यात तिने मला ओहायोतल्या एका खऱ्याखुऱ्या जजच्या निवृत्तीची बातमी आणून दिली. मग गाळण्या लावल्या: नळी साडेसहा इंच, रंग स्टीलचा, .४५४ चा उल्लेख हवा. आजोबांचं तसंच होतं. तीन इंची नळीचे दोन सापडले, ते त्यांनी फोटो बघूनच नाकारले. एक लिलाव माझ्या डोळ्यांदेखत शेवटच्या मिनिटाला हातचा गेला, तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये "च्यायला" म्हणालो आणि सगळ्या टीमला वाटलं की सर्व्हर पडला.

शनिवारी बंदुकांचे बाजार आणि सावकारी दुकानं पालथी घातली. पिशवीत थेपले घेऊन गन शो हिंडणारा माझ्यासारखा दुसरा कोणी नसावा. पण एक सांगतो, तिथली माणसं बोलायला फार चांगली निघाली. एका टेबलावरच्या गृहस्थांनी मला टेनेसीत बनलेलं 'थंडर फाइव्ह' दाखवलं, जजच्याही आधी, १९९० च्या दशकात बाजारात आलेलं, तेही .४५ आणि .४१० दोन्ही उडवणारं. दुसऱ्याने टॉरसच्या त्या न जन्मलेल्या भावाची गोष्ट सांगितली. २०११ च्या लास व्हेगासच्या प्रदर्शनात कंपनीने २८ बोअरचा रेजिंग जज मांडला होता. पण २८ बोअरची नळी अर्ध्या इंचापेक्षा जाड. आत पेचदार खाचा ठेवाव्यात तर कायद्याने तो 'विध्वंसक उपकरणा'त जातो, गुळगुळीत ठेवावी तर पिस्तुलाऐवजी वेगळ्याच नोंदणीच्या वर्गात. दोन्हीकडून अडकला, आणि दुकानात कधी आलाच नाही.

या खाचांचा किस्सा .४१० ला पण लागू आहे. शॉटगनच्या नळीला खाचा नको असतात, कारण त्यांनी छर्रे गरगरतात आणि लवकर पांगतात. तरी जजच्या नळीत खाचा आहेत. का? तर त्या असल्यामुळेच केंद्र सरकारच्या कायद्याने ते साधं पिस्तूल ठरतं. म्हणजे छर्रे नीट जावेत म्हणून नाही, कागदपत्रं नीट जावीत म्हणून ती रचना. कॅलिफोर्नियाला मात्र तेही मान्य नाही. अठरा इंचापेक्षा आखूड नळीतून शॉटगनचं काडतूस उडत असेल तर ती आखूड शॉटगन, आणि ती बाळगणं गुन्हा. सॅन होजेच्या माझ्या जुन्या घरात जी वस्तू ठेवली असती तर तुरुंगात गेलो असतो, ती इथे टेक्सासात दुकानातल्या काचेच्या कपाटात.

ऑगस्टच्या शेवटी स्क्रिप्टला एक नवी गाळणी सुचली: चुकीची स्पेलिंगं. आणि सापडलं की हो! ओक्लाहोमातल्या एका सावकारी दुकानाने 'रँचिंग जज' अशी जाहिरात लावली होती. रँचवर वापरायचं म्हणून रँचिंग असणार असं त्यांना वाटलं असावं. साडेसहा इंची, स्टीलचं, दस्त्यावर लाल पट्टी. तेराशे पन्नास डॉलर. मी आजोबांना फोनवलं. पलीकडून एकदम लहान मुलासारखा आवाज. "मी आत्ता चेक लिहितो, सन!"

पण चेक घेता येईना. दुसऱ्या राज्यातलं हत्यार आपल्या गावच्या परवानाधारक दुकानदाराकडेच पाठवावं लागतं. तिथे एक सरकारी फॉर्म भरायचा, त्यात प्रश्न असतो, खरा खरेदीदार तुम्हीच आहात का? दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी घेत असाल आणि 'हो' लिहिलंत तर तो गुन्हा. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला गाजला होता. पुतण्याने काकाचा चेक घेऊन काकासाठी पिस्तूल घेतलं. काकाला स्वतःला घ्यायला काहीच आडकाठी नव्हती, तरी पाच विरुद्ध चार मतांनी पुतण्या हरला. भेट मात्र चालते, आपल्या खिशातून घेऊन दिलेली खरी भेट. आजोबांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस सप्टेंबरच्या अखेरीला होता. मी म्हटलं, चेक राहू द्या, ही आमच्याकडून भेट. बायकोशी थोडी चर्चा झाली (थोडी म्हणजे दोन दिवस), पण ठरलं.

सप्टेंबरच्या एका शुक्रवारी संध्याकाळी मी दुकानात गेलो. फॉर्म भरला. दुकानदाराने माझं नाव एफबीआयच्या तपासणीला पाठवलं. वीसेक मिनिटं लागतील म्हणाला. मी काउंटरला टेकून उभा. समोर गोळ्यांच्या खोक्यांशेजारी एक घडीपत्रक पडलं होतं. हातात काहीतरी हवं म्हणून उचललं आणि वाचायला लागलो.

ते आत्महत्येबद्दल होतं. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये आठवड्याभराच्या आत तीन माणसांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच जीव दिला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्यातून तिथले दुकानदार आणि सार्वजनिक आरोग्यवाले एकत्र आले आणि अशी पत्रकं काउंटरवर ठेवायला लागले. पुढे ती पद्धत इतर राज्यांतही गेली. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि पंच्याहत्तरीपुढच्या पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण सगळ्यात जास्त. पत्रकात खाली एक यादी होती. काय दिसलं तर सावध व्हा: जवळचं माणूस नुकतंच गमावलंय. झोप उडालीय. आवडत्या वस्तू वाटून टाकतोय.

मंडळी, मी ती यादी दोनदा वाचली. मग पोटात खड्डा पडला.

मे महिन्यात आजोबांनी त्यांची सगळी हत्यारं, म्हणजे पाने, पक्कड, ड्रिल, माझ्या मुलाला देऊन टाकली होती. "मला आता काय करायचीत?" आम्ही म्हटलं किती प्रेम! जुलैत मासेमारीचे गळ गेले. ऑगस्टमध्ये कुत्रा डॅलसला मुलीकडे पाठवला. रात्री दोनला माझी स्क्रिप्ट चालायची तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा चालू असायचा. मला तो खिडकीतून दिसायचा, आणि मी मनात म्हणायचो, चला, आपल्यासारखंच कोणीतरी जागं आहे.

आणि सगळ्यात साधी गोष्ट. जमीन विकून सहा वर्षं झाली होती. साप नव्हते, रान नव्हतं. मग हे रिव्हॉल्व्हर कशाला? सात महिन्यांत मी नळीची लांबी विचारली, रंग विचारला, दस्त्यावरची पट्टी विचारली. कशाला हवंय, हे एकदाही विचारलं नाही. वीस वर्षांहून जास्त मी ज्युनिअर पोरांना सांगत आलोय, आधी ग्राहकाला विचारा की हे हवंय कशाला, मग कोड लिहा.

"ऑल क्लिअर," दुकानदार म्हणाला. मी खोकं घेतलं, घरी आलो, आणि ते आमच्या कुलपाच्या तिजोरीत ठेवलं. बायकोला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "उद्या सकाळी जा आणि विचार." मी म्हटलं, विचारून मीच त्यांच्या डोक्यात घातलं तर? ती म्हणाली, "पत्रक वाच ना नीट." तिथे लिहिलेलंच होतं: थेट विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याचदा बोलायला वाट मिळते.

शनिवारी सकाळी गेलो. पोर्च, कॉफी, तेच सगळं. आजोबा म्हणाले, "आलं का?" मी म्हटलं, "आलंय. पण आधी एक विचारतो. तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?"

हे वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं, तरी तोंडातून निघताना घसा कोरडा पडला. आजोबा लालबुंद झाले. म्हणाले, "घरी जा." मी गेलो नाही. खरं सांगायचं तर धैर्य वगैरे काही नव्हतं, उठायला पायच होईनात. किती वेळ गेला कोण जाणे. समोरून शाळेची फुटबॉलची पोरं गेली. मग रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "रोज रात्री नाही. पण बऱ्याच रात्री."

पुन्हा बराच वेळ. मग म्हणाले, "कपाटात एक आहे की. पण ती माझ्या बापाची. हे तिने दिलेलं होतं."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी एवढंच म्हटलं की मुलीला फोन करूया, मी इथेच बसतो. त्यांनी आढेवेढे घेतले, तिला लहान बाळ आहे, तिला त्रास नको. शेवटी फोन मी लावला आणि त्यांच्या हातात दिला. ती डॅलसहून साडेतीन तासांत येऊन थडकली. रात्री परत जाताना बापाची ती कपाटातली बंदूक, आजोबांच्या संमतीने, तिच्या गाडीतून गेली, आणि चार दिवसांसाठी आजोबाही. सोमवारी डॉक्टर. मग औषधं, बायको गेलेल्यांचा एक गट, दर बुधवारी. सुरुवातीला ते त्या गटाला 'रडक्यांची भिशी' म्हणायचे. म्हणजे शब्द वेगळा होता, पण मराठीत हाच. एकदम काही बदललं नाही. नोव्हेंबरात दोन रात्री मी त्यांच्या सोफ्यावर झोपलो. पण फेब्रुवारीत कुत्रा परत आला.

मी यातला तज्ज्ञ नाही. पण त्यानंतर बरंच वाचलं, त्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती वेळ जाते. ती जाईपर्यंत हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून, आणि बंदूक दुसरी संधी देत नाही. म्हणून ती तेवढ्यापुरती दुसरीकडे ठेवायची. जप्त नाही, कायमची नाही. नुसती ठेव.

हे आजोबांना कसं सांगावं कळेना, कारण टेक्सासातल्या माणसाची बंदूक आपल्याकडे ठेवून घेणं म्हणजे त्याची हॅट काढून घेण्यासारखं. तेव्हा मला अण्णा आठवले. मी त्यांना धोतर, एसटी, पोलीस ठाणं, देवघरातली पावती, सगळं सांगितलं. निवडणूक लागली की भल्याभल्यांची बंदूक जमा होते, यात अब्रू जात नाही, निकाल लागला की परत मिळते. आजोबा हसले. कितीतरी महिन्यांनी. म्हणाले, "पावती दे." मी प्रिंटरमधला कागद ओढला आणि लिहून दिली: एक रेजिंग जज, साडेसहा इंची, स्टील, ठेवीदार अमुक, ताब्यात अमुक. दोघांच्या सह्या. ती पावती त्यांनी आजींच्या फोटोमागे ठेवली आहे.

असो. तुमच्या आसपास कोणी असं वस्तू वाटून टाकत असेल, रात्रीचा दिवा जळत असेल, तर विचारा. सरळ, त्याच शब्दांत. उसगावात ९८८ हा नंबर २०२२ पासून आहे, फोन करा किंवा नुसता मेसेज टाका. भारतात टेली-मानसचा १४४१६. तुमची स्वतःची रात्र तशी असेल तर हेच नंबर तुमच्यासाठीही आहेत, आणि मला विरोप टाकलात तरी चालेल. मी दोन वाजता बहुधा जागाच असतो.

जजसाहेब अजून आमच्या तिजोरीतच आहेत. एकही गोळी न झाडलेले, म्हणजे माझ्याकडे आल्यापासून. लॉन कापताना आजोबा कुंपणाशी येतात आणि विचारतात, "काय सन, तुमची ती निवडणूक संपली का?"

मी म्हणतो, "मतमोजणी चालू आहे हो. आमच्याकडे वेळ लागतो."

"लागू दे," म्हणतात, आणि माझ्या लॉनमोवरचं पातं बघायला वाकतात.